नवसाच्या भिकाची सोनोग्राफी

“सोनोग्राफी बिलकुल न्हाई करायची!” गयाबाईंनी नातवाला पदराखाली घेत मला ठणकावलं. “देवीच्या नवसाचं लेकरू हाय. जीभ बाहेर हाय, ती देवीची खूण हाय.”

माझं लहान मुलांचं क्लिनिक नवीन जालन्यात. गयाबाई वाटूर गावच्या. सोबत सून सुनीता. नजर लागू नये म्हणून बाळाचं नाव ठेवलेलं भिका. वजन भरपूर, बेंबी फुगलेली, जीभ एवढी मोठी की तोंडात मावेना. बाहेर बसलेल्या बाया म्हणत होत्या, “काय बाळसं धरलंय गं!” मी मात्र ही लक्षणं एकत्र पाहून सावध झाले.

हा एक सिंड्रोम असतो. लेकरू हसतं, खेळतं, बहुधा डोक्यानंही चांगलं असतं. पण अशा मुलांना लहानपणी किडनीत किंवा लिव्हरमध्ये गाठ व्हायची भीती जास्त. लवकर सापडली तर बहुतेक वेळा बरी होते. म्हणून दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. ना सुई, ना कापाकापी. पण गयाबाई ऐकतील तर शपथ! बाळाला काखोटीला मारून त्या तरातरा बाहेर गेल्या.

सुनीता मागं राहिली. तिनं दार लोटलं.

“बाई, नवस न्हाई हो. आम्ही औरंगाबादला टेस्ट ट्यूब केल्ती. आत्याबाईंला नवस म्हणून सांगितलं.” आणि ती रडायलाच लागली. “त्याच्यानंच झालं का हे? मीच केलं का माझ्या लेकराला?”

यावर आमच्या जर्नल्समध्ये तेव्हा नुकतंच लिहून यायला लागलं होतं. मी तिला सोपं करून सांगितलं. प्रत्येक जीन जोडीनं येतो, एक आईकडून, एक बापाकडून; दोन दिव्यांसारखे. बहुतेक ठिकाणी दोन्ही दिवे लागतात. काही ठिकाणी एकच लागायला हवा, म्हणून दुसऱ्याचं बटण बंद असतं. गर्भ लॅबमध्ये वाढतो त्या सुरुवातीच्या दिवसांत एखादं बटण चुकत असावं, असा संशय आहे. पण फार क्वचित. टेस्ट ट्यूबची बहुतेक मुलं ठणठणीत असतात, आणि हा आजार आपसूक दिवस राहून झालेल्या बाळांनाही होतो.

“तुझ्या भिकाचं कशानं झालं, हे छातीठोक कुणीच सांगणार नाही,” मी म्हटलं. “आणि वेडे, ती ट्रीटमेंट नसती तर भिकाच नसता. तू काही केलेलं नाहीस.”

“मंग सोनोग्राफीचं घरी काय सांगू?”

“ते तू ठरव. तुझं गुपित माझ्या तोंडून जाणार नाही. पण तपासणी चुकवायची नाही.”

तरी ती आलीच नाही. निरोप धाडला, उत्तर नाही. मला राग येत होता, आणि त्या पोराच्या काळजीनं जीव खालीवर होत होता.

मग एका सकाळी गयाबाई दारात. कडेवर भिका, मागं मान खाली घालून सुनीता.

“लावा ते मशीन.”

“आणि देवीची खूण?”

“खूण देवीची, पोट तर आपलंच हाय ना!” त्या खुर्चीत टेकल्या. “समदं सांगितलं हिनं. आठ दिस जेवत नव्हती, नुसती रडून राह्यली. मी म्हणलं, येडे, माझा जल्म सरकीच्या प्लॉटवर क्रॉसिंग करण्यात गेला. हातानं फुलाला फूल लावलं म्हणून बोंड काय परक्याचं होतं का? झाडाचंच असतं. लेकरूबी माझ्या सुनंचंच.”

जालन्याच्या बियाणांच्या प्लॉटवर बाया कपाशीच्या एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. मी इथंच जन्मले, पण हे काही मला सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

“मग नवसाचं काय?”

“फेडला की! त्या औरंगाबादच्या डॉक्टराला बुद्धी कुणी दिली? देवीनंच ना?”

त्या दिवशीची सोनोग्राफी नॉर्मल आली. पुढचीही. तिसरीत डाव्या किडनीवर बोराएवढी गाठ दिसली. ऑपरेशन झालं, केमो झाली. हॉस्पिटलात सुनीतेला दोन घास जबरदस्तीनं भरवत गयाबाईच बसून होत्या. गाठ पुन्हा आली नाही. पुढं जबडा वाढला, जीभही तोंडात मावली. परवा भिका शाळेच्या पोशाखात येऊन मला जीभ दाखवून पळाला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. बाळाच्या आईकडून हिस्टरी घेताना तिच्या सासूबाईंना बाहेर बसवायचं. पण फार वेळ नाही.