टाकीजवळचा हसरा माणूस

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गेली अठ्ठावीस वर्षं गावाला पाणी सोडतात. हातात कमरेएवढी लोखंडी चावी, पायात रबरी बूट आणि डोक्यात सगळ्या गावाच्या नळांचा नकाशा. पाणीपुरवठा खात्याच्या भिंतीवरही एक नकाशा आहे, पण त्यातले निम्मे व्हॉल्व्ह डांबराखाली गेलेत आणि उरलेले कधी बसवलेच नव्हते. भाऊजी चेंबरचं झाकण उचलतात, चावी लावतात, दांड्याला कान टेकवतात आणि पाणी कुठवर पोचलं ते सांगतात. अजून चुकलेले मी पाहिले नाहीत.

अशा माणसाला खात्याने कळवलं की तुमचं पाण्याबद्दलचं शिक्षण अपुरं आहे.

झालं असं की म्हातारे सुपरवायझर निवृत्त झाले. ती जागा भाऊजींचीच, असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात वरून परिपत्रक आलं: यापुढे सुपरवायझरकडे शाश्वत आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयातलं एका मोठ्या विद्यापीठाचं ऑनलाइन प्रमाणपत्र हवं, आणि तेही तीन महिन्यांत. आमच्या गावाचं पाणी शेजारच्या गावालासुद्धा जात नाही, तर आंतरराष्ट्रीय कशाला, हे कुणी विचारलं नाही. खात्याचे साहेब भाऊजींना म्हणाले, "तुमचा अनुभव दांडगा आहे हो. पण अनुभवाची पीडीएफ कुठून आणायची?"

त्या जागेवर डोळा ठेवून असलेला दुसरा माणूस म्हणजे आवक-जावक कारकून. चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, आणि नावावर अकरा ऑनलाइन प्रमाणपत्रं. नेतृत्व, हवामानबदल, मधमाश्या, काय वाटेल ते. हा गृहस्थ व्हिडिओ दुप्पट वेगाने लावायचा, समोर डबा उघडायचा आणि डबा संपला की बरोबर उत्तरावर टिचकी मारायचा. पाण्याचा व्हॉल्व्ह त्याने उभ्या जन्मात फिरवलेला नव्हता.

भाऊजींना खुर्चीची हाव नव्हती. त्यांना घोर होता वरच्या वस्तीचा. टेकडीवरची साठ घरं. तिथे पाणी आपण होऊन चढत नाही. आधी बाजाराची लाइन अर्धी दाबायची, मग खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह दोन आटे मिटायचा, मग दांड्याला कान लावून थांबायचं. कधी चाळीस मिनिटं लागतात, कधी तास. म्हाताऱ्या सुपरवायझरनी यात कधी नाक खुपसलं नाही. कारकून आला की तक्ता लावणार, प्रत्येक लाइनीला वीस मिनिटं, आणि वरच्या वस्तीच्या नळाला फक्त हवा. त्या साठ घरांतली माणसं मग हंडे घेऊन उतरणार आणि भरून चढणार, पूर्वीसारखी.

म्हणून भाऊजी माझ्याकडे आले. मी कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बत्तीस वर्षं टायपिंग करते, इंग्रजीही बऱ्यापैकी जमतं. रोज दुपारी टेबल बंद केलं की ताईच्या घरी जायचं, तिच्या मुलीचा जुना कॉम्प्युटर लावायचा आणि भाऊजींना विकास शिकवायचा, असं ठरलं.

बारा आठवड्यांचा तो अभ्यासक्रम मी सोसला. प्रोफेसर गळ्यात मफलर गुंडाळून बागेत फिरत फिरत बोलायचे. कशासाठी फिरायचे ते कळलं नाही, शिकवण्यासाठी बसलं तरी चालतं. स्थानिक लोकांचं ऐकून घ्यावं, यावर एक अख्खा आठवडा होता. त्या आठवड्यात ते एकटेच बोलत होते. चर्चेसाठी एक पान होतं, तिथे चाळीस देशांतले विद्यार्थी एकमेकांना थोर म्हणायचे. तुमच्या भागातली पाण्याची अडचण लिहा, असं सांगितलं तेव्हा भाऊजींनी मला सांगून लिहवून घेतलं की मुख्य लाइनीचा एक सांधा सडलाय आणि चार वर्षं मागूनही नवा मिळत नाही. खाली सतरा जणांनी लिहिलं, किती प्रेरणादायी. सांधा कुणी पाठवला नाही.

"शिकण्यासारखं आहे पण यात," भाऊजी म्हणायचे.

"काय शिकलात?"

"हेच, की जगात सगळीकडे असंच चाललंय. मला वाटायचं आपलंच खातं."

दहाव्या आठवड्यात आली यशोगाथा. टेकडीवरचं एक लहान गाव, सौर पंप, सिमेंटची टाकी, धो धो वाहणारा नळ. नळाशेजारी निळ्या शर्टातला एक माणूस दात काढून हसत उभा. प्रोफेसर म्हणाले, या हसण्याकडे पाहा, प्रकल्प आपला वाटला की माणूस असा हसतो.

ताई मागून हात पुसत आली आणि थबकली. "अहो, हे तुम्ही. तो निळा शर्ट मी नंतर फडक्यांना काढला."

भाऊजी उठून गॅलरीत गेले. मला खोदून खोदून विचारावं लागलं, तेव्हा एकदाचं बाहेर पडलं.

बारा वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने वरच्या वस्तीला हा पंप दिला. बोअर घ्यायची जागा ठरली ती पाहुण्यांची गाडी जिथवर चढते तिथे. भाऊजींनी सांगितलं की इथे खाली नुसता कातळ आहे, वडिलांच्या काळात इथली विहीर कोरडी गेली, बोअर पलीकडच्या उतारावर घ्या. त्यांचं म्हणणं एका बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि बोअर कातळात मारली. पाणी लागलं नाही. उद्घाटनाची तारीख मात्र लागलेली होती. तेव्हाच्या साहेबांनी हुकूम सोडला, टाकी भरा. भाऊजींनी उजाडायच्या आत सात टँकर वर नेले आणि टाकी भरली. पाहुण्यांनी नळ सोडला, पाणी आलं, टाळ्या पडल्या. कॅमेरावाली म्हणाली हसा, आणि भाऊजी हसले. दोन दिवसांत टाकी आटली, ती आजतागायत भरलेली नाही.

"लाज वाटली गं फार," भाऊजी म्हणाले. "साठ घरांना टाकी दाखवून मी खाली उतरलो. म्हणून मग त्याच महिन्यात जुन्या लाइनीवरून पाइप चढवला."

तेव्हापासून वरच्या वस्तीला रोज पाणी येतं. अभ्यासक्रम चालवणाऱ्या या विद्यापीठातून वर्षाकाठी एक फोन येतो, वस्तीला पाणी मिळतं का. साहेब छातीठोक सांगतात, रोज मिळतं. ते खोटं बोलत नाहीत. कुठून मिळतं, हे पलीकडून कुणी विचारत नाही. म्हणजे भाऊजींनी बारा वर्षं घाम गाळून त्या मेलेल्या पंपाची अब्रू राखली, आणि आता त्या पंपाच्या यशावर त्यांचीच परीक्षा.

या धड्यावर पाच प्रश्न होते. पाचही बरोबर आले तरच पुढचं दार उघडणार, आणि संधी तीनच. प्रकल्प यशस्वी होण्याचं कारण कोणतं: लोकसहभाग, योग्य तंत्रज्ञान, पारदर्शकता की वरील सर्व? प्रकल्प फसला, हा पर्यायच नव्हता. भाऊजींनी पहिल्या खेपेला तो प्रश्न कोरा सोडला. नापास. दुसऱ्या खेपेला, चित्रातला माणूस का हसतो आहे, याला त्यांनी 'सांगता येत नाही' निवडलं. पुन्हा नापास. स्वतःच्या हसण्याचं कारण त्यांना चुकलं, असं यंत्राने लाल अक्षरांत कळवलं.

या एका धड्यापाशी अडून आठवडे गेले होते. एक संधी उरली होती आणि मुदतीला चार दिवस. माझं डोकं फिरलं.

"भाऊजी, मी कोर्टाबाहेर टायपिंग करते. रोज दहा जण माझ्यासमोर शपथेवर खोटं सांगतात आणि मी ते समास सोडून नीट टाइप करते. तुम्हाला एक टिचकी जड जाते?"

"तेव्हा नुसता हसलो होतो," ते म्हणाले. "आता मान्य आहे म्हणून लिहून द्यायचं?"

ताई गहू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तो कारकून बसला म्हणजे वस्तीचं काय? तुमच्या खरेपणावर हंडे भरणार आहेत का ते?"

भाऊजींनी माऊस ओढून घेतला. वरील सर्व. प्रकल्प आपला वाटल्यामुळे. पाचच्या पाच बरोबर. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. मला त्या तुकड्यांची शिसारी आली, आणि भाऊजींना भरीला घातल्याबद्दल स्वतःचीही.

उरलेले दोन आठवडे आम्ही चार दिवसांत उरकले. सगळ्यात शेवटी एक रिकामी चौकट होती. या अभ्यासक्रमातून तुम्हाला काय मिळालं, किमान शंभर शब्द. भाऊजी म्हणाले, "आता लिही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. कातळ, विहीर, वहीत लिहून घेणाऱ्या बाई, सात टँकर, कॅमेरा, जुन्या लाइनीवरचा पाइप. चारशे शब्द झाले. मी इंग्रजीत एकही चूक न करता टाइप केलं. असं खरं मी कितीतरी वर्षांत टाइप केलं नव्हतं. पाठवताक्षणी उत्तर आलं: आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. कारकुनानेही बारावं प्रमाणपत्र मिळवलंच होतं, पण दोघांत नोकरी जुनी भाऊजींची. ते सुपरवायझर झाले.

चार महिन्यांनी साहेबांनी त्यांना बोलावून मोबाइल पुढे केला. विद्यापीठाच्या जाहिरातीत भाऊजींचा तो निळ्या शर्टातला फोटो, आणि खाली त्यांचे शब्द: 'मी रोज पहाटे उठून वरच्या वस्तीला पाणी सोडतो. त्या दिवशी मी हसलो.' चारशे शब्दांतली त्यांना नेमकी ही दोन वाक्यं सापडली. मधलं सगळं गाळलं होतं. आमच्या कोर्टात असा उतारा दिला तर कारकूनसुद्धा परत करतो.

"पाहुणे येताहेत," साहेब म्हणाले. "खुद्द प्रोफेसर. दुसरा पंप द्यायचा म्हणतात, पहिल्याच्या शेजारी. टाकी तेवढी भरून ठेवा. आता तुम्हाला टँकरवर बसायलाही नको, नुसती सही करा."

त्या दिवशी मी टेबल बंद ठेवून टेकडीवर गेले. मला भाऊजींची भीती वाटत होती. एकदा टिचकी मारलेला माणूस सहीही करतो, हे मी धंद्यात रोज बघते. वस्तीतल्या बायकांनी पाणी केव्हाच भरून ठेवलं होतं, जुन्या लाइनीचं, नेहमीच्या वेळेला. त्या दारात उभ्या राहून मजा बघत होत्या. प्रोफेसर मफलरसकट आले. साहेबांनी भाऊजींना नळाशी उभं केलं. कॅमेरावाली नवी होती, पण वाक्य तेच, हसा.

भाऊजींनी नळ सोडला. आधी फुसकन हवा आली, मग गंजाची भुकटी, मग काहीच नाही.

त्यांनी नळ पुरता उघडा ठेवला आणि बारा आठवड्यांत जमवलेल्या इंग्रजीत म्हणाले, "नो वॉटर. ट्वेल्व्ह इयर्स, नो वॉटर." मग बुटाच्या टाचेने जमिनीवर दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "रॉक."

साहेब घाईने म्हणाले, "ते जरा दमलेत." प्रोफेसरांनी खिशातून वही काढली आणि भाऊजींचं म्हणणं लिहून घेतलं.

पंप मंजूर झाला, शेजारीच. पाहुण्यांसमोर केलेल्या वर्तनाबद्दल भाऊजींना सुपरवायझरपदावरून काढून घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. चावी कारकुनाकडे गेली. त्याने भिंतीवर रंगीत तक्ता लावला, प्रत्येक लाइनीला वीस मिनिटं. पहिल्या दिवशी वरच्या वस्तीला पाणी गेलं नाही. भाऊजी खिडकीशी बसून उतरणारे हंडे मोजत राहिले, जेवले नाहीत. ताईने मला निरोप पाठवला की येऊन जा, हे बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होते. दार वाजलं. बाहेर कारकून, घामाने निथळलेला, मागे रस्त्यावर वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या. त्याच्या हातात चावी होती, आणि ती उलटी धरलेली.

"काका," तो म्हणाला, "ही लावायची कशी?"

बारा प्रमाणपत्रं दाराबाहेर उभी होती. मला खूप काही बोलायचं होतं, जिभेवर आलंही होतं. भाऊजींनी बूट चढवले, त्याच्या हातातली चावी सुलटी केली आणि परत त्याच्याच हातात दिली.

"चल," ते म्हणाले. "आधी बाजाराची लाइन. दांड्याला कान लाव, आणि मी सांगेपर्यंत बोलू नकोस."