दादांच्या घरची कडू भाकर

दाराच्या चौकटीवर बोटांची पेरं दोनदा आपटायची आणि उंबऱ्याबाहेरूनच ओरडायचं, "कुणी मेलं न्हाई ना? मग चहा टाका!" ही दादांची रीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. असलं अभद्र कुणी दिवसाढवळ्या बोलतं का? पण पुढं पुढं बायका आतूनच ओरडायला लागल्या, "न्हाई मेलं अजून, या!" आणि आधण ठेवायच्या. तुमच्याही गावात असेल असा एखादा, तोंडाला लगाम नसलेला, पण दोन दिवस दिसला नाही तर सगळे ज्याची चौकशी करतात.

मी गावची आशाताई, घरोघरी फिरून दुखणीखुपणी बघणारी. आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं, आणि माझं घर गावाबाहेर, मेंढरांच्या वाड्याला लागून. दादा गावातल्या मोठ्या घरचे. जमीन, विहिरी, भावकी, सगळं होतं. धाकटा भाऊ उपसरपंच. दादा मात्र इंग्लंडात नर्स होते. आई अंथरुणाला खिळली तसे आले, तिचं हागणंमुतणं हातानं काढलं आणि ती गेल्यावरही इथंच राहिले. भावाच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या वाटणीच्या दोन खोल्या होत्या. ओट्यावर टेबल टाकून बीपी बघायचे, साखर तपासायचे, जखमा धुवायचे.

"डॉक्टर, औषध द्या की," असं कुणी म्हटलं की चिडायचे. "डॉक्टर न्हाई, नर्स हाय मी. औषध केजचा डॉक्टर देईल. मी फक्त तुला तिथवर ओढत नेणार."

"गड्यानं कावून नर्स व्हावं बे?" पारावरचा एकजण एकदा दात काढत म्हणाला.

"गड्यानं मेंढरं राखलेली चालतात. माणसं राखली की लाज वाटती व्हय?"

ऊसतोडीहून टोळ्या परतल्या की आम्हा दोघांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. बायका पोट धरून यायच्या. कुणीतरी त्यांना गर्भाची पिशवी काढून टाकायला सांगितलेलं असायचं, म्हणजे दर महिन्याची कटकट नको आणि कामाला खाडा नको. तिशीही न उलटलेल्या पोरी! दादा त्यांच्या नवऱ्यांना ओट्यावर बसवायचे आणि सगळ्यांदेखत सोलायचे. "तुझं बोट दुखलं तर हात तोडशील का रे? मग तिला कावून कापायला निघालास?" नवरे मान खाली घालून बसायचे. किती बायकांना त्यांनी बीडला नेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्या बायका आजही गावात हिंडताफिरताना दिसतात. पुढं काय झालं ते वाचताना त्या तेवढ्या लक्षात ठेवा.

वस्तीवर जाताना आम्ही दोघं बांधानं चालायचो. तिथंच एकदा त्यांनी मला सांगितलं. "तिकडं मी कामाच्या दिवशी सुया टोचायचो आन् सुट्टीला रस्त्यावर घोषणा द्यायचो."

"कशाच्या हो?"

"ज्या पुरुषांचं माणूस पुरुषच असतं, त्यांच्या हक्काच्या. माझ्यासारख्यांच्या."

मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू? तोंडातून निघालं ते हे, "मग सैपाक कोण करतं?"

दादा बांधावर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "त्योच करतो, बाई. मला कुठं येतोय!"

मग त्यांनी त्यांच्या वॉर्डातली गोष्ट सांगितली. एक माणूस मरणाला टेकला होता. त्याचा जोडीदार बाहेर बाकावर. आत सोडीनात, कारण तो घरचं माणूस नाही. दादा आणि अजून मूठभर लोक पाट्या घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. हाडं गोठवणारी थंडी. येणारेजाणारे थुंकायचे. नोकरी जाता जाता राहिली. शेवटी दवाखाना नमला, पण तोवर आतला गेला होता.

"मग काय मिळवलं?" मी विचारलं.

"पुढच्याला खाटेजवळ खुर्ची मिळाली की," दादा म्हणाले आणि उठून चालायला लागले.

त्यांचं माणूस दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत गावाला यायचं. उंच, गोरापान, उन्हानं नाक सोललेलं. गाव त्याला गोरा पाव्हणा म्हणायचं. माझ्या मालकांनी त्याला घोंगडं पांघरायला दिलं, तर ते घेऊन तो कोकरांत जाऊन बसला. उपसरपंचाच्या पोरीला त्यानं सायकल शिकवली. सगळ्यांच्या घरी जेवला, ठेचा खाऊन रडला. "दादाचा मित्र लई गुणाचा हाय," असं गाव म्हणायचं. गावाला कळत नव्हतं असं समजू नका. गावाला सगळं कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच.

आता एक रीत सांगते. आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. भावकी आणि शेजारीपाजारी पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळंच दोन घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. ज्या घरी कडू घास आला, त्या घरचं दुःख गावानं मानलं. दादांना बाकी काही रांधता येत नव्हतं, पण या कामासाठी ते भाकरी थापायला शिकले होते. वाकड्यातिकड्या, एका बाजूनं करपलेल्या. मयताच्या घरी सगळ्यात आधी त्यांचं टोपलं पोचायचं. विधवा झालेल्या बाईसमोर बसून म्हणायचे, "खा माय. रडायला बी ताकद लागती." आणि ती खायची.

तर गेल्या पावसाळ्यात गोरा पाव्हणा गेला. तिकडंच, रस्त्यात चालता चालता. त्याच्या बहिणींनी माती उरकून घेतली आणि मग दादांना फोन केला. आधी कळवलं असतं तर दादा धावत गेले असते ना! इथलीच माणसं वाईट असं मी तरी म्हणणार नाही.

दादांनी न्हाव्याला ओट्यावर बोलावलं आणि डोकं काढलं. मिशीसुद्धा. फोटोला हार घातला, पुढं दिवा लावला, गॅस बंद केला आणि दार सताड उघडं टाकून भिंतीला टेकून बसले. मी बातमी कळताच भाकरी घेऊन धावले. त्यांनी माझ्या हातचा घास खाल्ला, पण म्हणाले, "बाई, तुमची भाकर मी रोजच खातो. ती कडू कशी व्हईल? भावकीतून एक तरी येईल बघा. मी समद्यांकडं गेलतो."

तेवढीच त्यांची चूक. तिकडं हक्कासाठी पायऱ्यांवर बसणारा हा माणूस इथं नुसती वाट बघत बसला. त्यांना वाटलं, आपण गावाची रीत कधी मोडली नाही, तर गावही मोडणार नाही.

भिंतीपलीकडून भाऊ आला. उंबरा ओलांडला नाही. दादांच्या गुळगुळीत डोक्याकडं बघून त्याचा चेहरा पडला.

"दादा, हे काय करून बसलास? मित्रासाठी कुणी डोकं काढतं का?"

"मित्र नव्हता त्यो."

"माझी पोरगी लग्नाची हाय. गेवराईची मंडळी बघायला यायलीत. तू नुसतं मित्र म्हण. एवढं एकदा चारचौघांत म्हण, मी समदी भावकी घेऊन बसायला येतो. तुझ्या भावजयीनं पीठ बी मळून ठिवलंय."

दादांनी फोटोकडं बघितलं. मला वाटलं, म्हणतील. म्हणावं असंही वाटलं, कारण माझ्या एका घासाशिवाय पोटात काही नव्हतं त्यांच्या. "इतकी वर्षं मित्रच म्हणलो की रे तुमच्यासाठी," ते म्हणाले. "आज त्यो मेलाय. आज न्हाई म्हणणार."

भाऊ गेला. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. त्या भाकरी भावाच्या घरच्यांनीच खाल्ल्या.

गल्लीतून माणसं जात होती, दारासमोर आल्यावर मान वळवत होती. ज्यांच्या पायाच्या जखमा दादांनी धुतल्या ती माणसं! ज्यांचं पोट त्यांनी कापण्यापासून वाचवलं त्या बायका पदर तोंडावर घेऊन झपाझप निघून गेल्या. एकीला मी हटकलं. म्हणाली, "आमचे मालक जीव घेतील, ताई." तिच्या मालकाला गेल्या वर्षी साप चावला होता, तेव्हा रात्रभर त्याच्या उशाशी कोण बसलं होतं, ते तिला मी विचारलं. तिनं पदर अजून पुढं ओढला आणि पाय उचलला. दुसरा दिवसही तसाच गेला. दिव्यात तेल घालायला तेवढे दादा उठायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकटीवर पेरं वाजली. दादांनी चटकन मान वर केली. दारात भाऊ उभा होता आणि त्याच्यामागं भावकीतले दोघंतिघं. हातात टोपलं नव्हतं. भावानं शर्टाची बाही वर केली आणि मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कुणी मेलं न्हाई ना? मग बीपी बघा!"

मागचे हसले. मी तिथंच होते, फोटोच्या शेजारी. माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. दादा मात्र उठले. टेबल ओढलं, भावाच्या दंडाला पट्टा बांधला, बीपी बघितलं. "वाढलंय. मीठ कमी कर, गोळी चुकवू नको," असं म्हणाले. आवाज नेहमीचाच. मग आत गेले आणि स्वतःच गॅस पेटवून स्वतःपुरता चहा टाकला.

त्यानंतरही ते ओट्यावर बसत होते, टोळ्या आल्यावर नवऱ्यांना सोलत होते. भावाच्या पोरीचं लग्न थाटात झालं. त्यांना आमंत्रण नव्हतं, पण मांडवातल्या आचाऱ्याचा हात भाजला तेव्हा पट्टी बांधायला त्यांनाच बोलावलं. फक्त दारात उभं राहून ते वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. नुसतं खाकरायचे. बायका आतून वाट बघायच्या, मग आपणच म्हणायच्या, "या दादा."

यंदाच्या उन्हाळ्यात दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. बीपी बघायला आलेल्या एका म्हातारीनं हाक मारली, तेव्हा कळलं.

आणि मग गाव लोटलं हो! भावानं डोकं काढलं, छाती बडवली. "देवमाणूस गेला," म्हणून लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मातीहून परतल्यावर घराघरातून टोपली निघाली. भाकरींच्या चवडी ओट्यावर मावेनात. पिठल्याची पातेली दादांच्या खोलीत, त्यांच्याच टेबलावर ओळीनं मांडली होती. भाऊ मधोमध बसला होता आणि भावकी त्याला भरवत होती. "खा, खा. रडायला ताकद लागती," असं कुणीतरी म्हणालं. दादांचंच वाक्य.

एका पातेल्यावर झाकण नव्हतं. भावजयीनं भिंतीवरचा गोऱ्या पाव्हण्याचा फोटो काढून वर झाकला होता. घाईत हाताला लागलं ते घेतलं असेल, तेवढं मी तिच्या बाजूनं म्हणते. काचेला वाफ धरली होती आणि चेहरा दिसत नव्हता.

मी फोटो उचलला. पदरानं पुसला. सगळे बघत होते, पण कुणी अडवलं नाही. भावाच्या तोंडात घास होता. मी त्याला म्हणाले, "तुमी जेवा. पोटभर जेवा."

घरी येऊन फोटो घोंगड्याच्या घडीवर ठेवला, पाव्हण्यानं पांघरलेल्या त्याच. मालकांनी विचारलं, "सैपाकाचं काय?" मी नको म्हटलं. ते समजले. त्या दिवशी आमची चूल पेटली नाही, आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी उपाशी भिंतीला टेकून बसलो, दार उघडं टाकून.

आमच्याकडं भाकर घेऊन कुणी आलं नाही. येणार तरी कशाला? आमच्या घरी कुठं कुणी मेलं होतं!