एका दाढेसाठी सत्यनारायण

तोंड उघडं होतं. इंजेक्शन दिलेलं, ओठ बधिर, गळ्याशी कागदी रुमाल. मरीन परेडच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या रूट कॅनालची दुसरी बैठक सुरू होणार, तेवढ्यात काउंटरवरची बाई आत आली. हातात माझं इन्शुरन्सचं कार्ड. डॉक्टरांना म्हणाली, "दिस वन कॅनॉट. हजबंड टेक आउट हर नेम ऑलरेडी." मग माझ्याकडे वळली. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅम, यू स्टिल द वाइफ ऑर नॉट?"

मला बोलता येईना. जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी हातमोजे काढले. कोरून ठेवलेली दाढ तशीच राहिली. हनुवटीवरची लाळ पुसत मी बाहेर आले, तेव्हा बाकावरच्या सगळ्यांनी फोनमध्ये माना घातल्या.

कायद्यानं मी अजून बायको होते. घटस्फोटाचा अंतरिम निकाल लागला होता, अंतिम लागायचा होता. तोपर्यंत त्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये माझं नाव राहील, दातांसकट, हे त्यानं दोन्ही वकिलांसमोर कबूल केलं होतं. त्याच्या नोकरीपायी मी पुण्यातलं कॉलेजातलं शिकवणं सोडून इथे परदेशात आले. मिळाला डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवरचा व्हिसा. आश्रित. आजारी पडायचं तेही त्याच्या नावावर. आता क्वीन्सटाउनला मला नोकरी मिळाली होती, पण माझा स्वतःचा, नोकरीचा पास अजून हातात नव्हता, आणि तिथला इन्शुरन्स जुनी दुखणी घेत नाही. होती नव्हती ती बचत वकिलाकडे गेली होती.

फोन केला. तो वाटच बघत होता.

"शनिवारी आईबाबा येतायत," तो म्हणाला. "त्यांना यातलं काही माहीत नाही. रविवारी सत्यनारायण ठेवलाय. तू जोडीनं बस. सोमवारी एचआरला सांगून तुझं नाव परत घालतो."

"आणि नाही बसले तर?"

"तर पुण्याला जा. तिकडे स्वस्तात होतं."

नाक दाबलं की तोंड उघडतं. नाव काढतानाच त्यानं हे ठरवलं होतं. माझी दाढ ओलीस ठेवली होती त्यानं, आणि तेही देवाच्या नावानं.

मी जिच्या घरात खोली घेऊन राहत होते, ती मैत्रीण इथल्या मराठी मंडळाची कार्यकर्ती. आठ मार्चला स्टेजवरून बायकांच्या स्वाभिमानावर बोलणारी. ती म्हणाली, "अगं, अडला हरी... बस की तासभर. देवाचंच काम आहे." रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली. पण गाल सुजला होता, झोप उडाली होती. दुखणं माणसाला कुठेही नेतं. रविवारी साडी नेसले आणि गेले.

ईस्ट कोस्टचा तो कॉन्डो. याच घरातून मी माझ्या बॅगा घेऊन निघाले होते. चौरंगाला केळीचे खांब, हॉलभर मंडळातली माणसं. त्यातल्या निम्म्यांना सगळं ठाऊक होतं. कुणी ब्र काढला नाही. पूजा सांगायला मंडळातलेच एक जण, एरवी बँकेत सॉफ्टवेअर सांभाळणारे. तो सोवळं नेसून पाटावर. शेजारच्या पाटावर मी.

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "गाल कशानं सुजला गं?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "दाढ आहे, आई. मी करतोय ना तिची ट्रीटमेंट."

मी करतोय.

गुरुजी म्हणाले, "वहिनी, हाताला हात लावा."

पूजा तो करणार. पाणी तो सोडणार, फूल तो वाहणार. मी फक्त त्याच्या हाताला बोटं टेकवायची, म्हणजे माझीही पूजा झाली. इतकी वर्षं मी हेच करत आले होते. पास त्याचा, घर त्याचं, इन्शुरन्स त्याचा. माझी नुसती बोटं टेकलेली.

मी हात मांडीवरच ठेवला.

"वहिनी?" गुरुजी पुन्हा म्हणाले.

"मी वहिनी नाही," मी म्हटलं. "आई, आमचा घटस्फोट होतोय. कोर्टाचा पहिला निकाल लागलाय. यानं माझा इन्शुरन्स बंद केला, आणि तो परत सुरू करायचा म्हणून मला या पाटावर बसवलंय."

तो इंग्रजीत पुटपुटला, "डोन्ट क्रिएट अ सीन." सासूबाईंचे डोळे भरले. पण त्या मला एवढंच म्हणाल्या, "आजचा दिवस तरी गप्प बसायचं होतंस."

मी पाटावरून उठले. प्रसाद घेतला नाही.

सोमवारी दाढ काढली. वाचवणं परवडत नव्हतं, उपटणं परवडत होतं. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढलं. मैत्रिणीला अचानक तिची खोली हवी झाली. मग त्याच्या वकिलाचा निरोप आला. आईवडिलांची माफी मागा, नाव परत घालू. माझ्या वकील बाईही म्हणाल्या की मिटवून टाका, दाढ तर गेलीच.

मी मिटवलं नाही. त्यानं कबूल केलेलं पाळलं नाही, म्हणून मी कोर्टात अर्ज केलाय. सुनावणी व्हायची आहे. त्यानं स्वतः फोन केला. "एवढ्याशा दाढेसाठी मला कोर्टात उभं करणार?"

हो. एवढ्याशा दाढेसाठी. आणि तिथे माझ्या वतीनं तू बोलायचं नाहीस. मी बोलणार आहे.