काकूंच्या कानातला पिस्टन

माणसाच्या कानाबद्दल आमच्या शेजारच्या काकांना जेवढा आदर आहे, तेवढा परदेशातल्या आमच्या या अख्ख्या ट्रॉय गावात कुणाला देवाबद्दलही नसेल. काका रिटायर्ड इंजिनिअर. उभं आयुष्य एका मोटार कंपनीत पिस्टन डिझाइन करण्यात गेलेलं. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायच्या कुठल्याही पॉटलकला गेले की ताटातलं भाताचं शीत बोटावर घेतात आणि शेजारच्याला सांगतात, की कानातलं सगळ्यांत लहान हाड याच्या निम्मंसुद्धा नसतं. हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं पडद्यामागे एकमेकांना धरून असतात, जन्मभर हलतात. ना ऑइल चेंज, ना सर्व्हिसिंग. ऐकणाऱ्याचं जेवण गार होतं. माझ्या मुलीच्या बारशाला तिची आत्या कानात नाव सांगायला वाकली, तर काकांनी तिला थांबवलं. म्हणाले, पोरीची बाकी हाडं वाढतील, पण ही तीन आत्ताच पूर्ण मापाची आहेत. आत्या नाव विसरून त्या इवल्याशा कानात बघतच राहिली.

हे वेड लागलं ते काकूंमुळे. त्यांना हळूहळू ऐकू येईनासं झालं होतं. कानातली रिकीब जागच्या जागी घट्ट बसली होती. "सीझ झालीय," काका मला म्हणाले. सर्जनबाईंनी एका कानाचं ऑपरेशन सुचवलं: ते हाड काढून तिथे बारीकसा पिस्टन बसवायचा. पिस्टन म्हटल्यावर काकांनी तो बघायला मागितला. डबीतला तो कण त्यांनी चष्मा कपाळावर सारून कितीतरी वेळ न्याहाळला. मग बाईंनी सांगितलं, की क्वचित उरलंसुरलं ऐकणंही जातं. काकांनी डबी खाली ठेवली आणि आपण थांबू म्हणाले.

काकू ओठांवरून सगळं वाचत होत्या. "करून टाकू या," त्या म्हणाल्या. "नात फोनवर काय बोलते ते तुम्ही मला सांगता. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

ऑपरेशन झालं. कानातला बोळा काढला त्या दिवशी मीही बरोबर होतो. परतताना सिग्नलला गाडी डावीकडे वळायला थांबली.

"हे टिकटिक काय वाजतंय?" काकूंनी विचारलं.

काका म्हणाले, "इंडिकेटर."

गाडी वळली, इंडिकेटर आपोआप बंद झाला. काकांनी तो पुन्हा लावला आणि सरळ रस्त्यावर तसाच ठेवून सावकाश निघाले. मागून कुणीतरी वैतागून हॉर्न दिला. काकूंनी मान वळवून तोही ऐकला.