पुस्तक थकले आहे

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. बाबांचा घाटंजीला बाजाराच्या रस्त्यावर पायानं चालवायचा छापखाना होता. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत आम्ही. सभांची, संपांची, निवडणुकीची, बैलबाजाराची पत्रकं दोरीवर वाळत असायची आणि त्यांच्याखालून वाकून स्वयंपाकघरात जावं लागे. मी वाचायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या मथळ्यावरून. त्यामुळेच असेल, साधी गोष्टही ठणकावून सांगायची मला सवय लागली. आई म्हणायची, "ही पोरगी मीठ मागते तरी सभेत उभी राह्यल्यासारखी मागते."

छप्पन साली आमचं राज्य बदललं. वाचनालयाच्या रबरी शिक्क्यातून 'मध्यप्रदेश' हा शब्द बाबांनी पात्यानं खरवडून काढला. साठ साली पुन्हा नवा शिक्का आला. या दोन शिक्क्यांच्या मधल्या काळात आमचा वाचनालय संघ उभा राहिला. घाटंजी, राळेगाव आणि आसपासच्या काही गावांत वाचनालय म्हणजे एक कपाट होतं, आणि त्यातलं सगळं गावानं वाचून संपवलेलं होतं. मग ठरलं की कपाटं एकत्र करायची. प्रत्येक गावानं पत्र्याची एक पेटी भरायची, बाजाराच्या दिवशी मोटारीच्या टपावर चढवायची आणि पुढच्या गावाला धाडायची. मागच्या गावाची पेटी आपण उतरवून घ्यायची. सगळ्यांची मिळून एकच यादी आमच्या यंत्रावर छापली. फाटक्या पुस्तकांना जिल्द बांधायला यवतमाळहून एक म्हातारे चाचा येत. तेही सगळ्या गावांचे मिळून एकच.

आज ते दिवस आठवले की आधी शाईचा नाही, त्या पेटीचा वास येतो. आत कडुनिंबाचा पाला, बाहेर मोटारीची धूळ. पेटी उघडताना ओसरीवर गर्दी व्हायची, आणि आपल्याला हवं ते पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलेलं दिसलं की मोठी माणसंसुद्धा रुसायची.

संघाचे चिटणीस बाबा होते. काम मी करत असे. मॅट्रिक होऊन घरीच होते, आणि जगात अन्याय कुठे कुठे आहे याची पक्की माहिती मला होती. पुस्तकं वेळेवर परत येईनात तेव्हा दंडाची सूचना आली. मी ती हाणून पाडली. दंड लावला की गरीब वाचायचं सोडतो, श्रीमंत दंड भरून पुस्तक दाबून ठेवतो. त्याऐवजी मी नियम मांडला: जाब माणसाला नाही, गावाला. ज्या गावात पुस्तक अडकलं त्याची पेटी थांबेल, आणि पुढच्या सभेपर्यंत पुस्तक आलं नाही तर त्या गावाचं नाव फेरीतून कमी होईल. नियम लहानथोर सगळ्यांना एक. टाळ्या पडल्या. आठवण द्यायला मी पोस्टकार्डं छापली. 'थकीत' हा शब्द मला सरकारी वाटला. सारा थकीत, तगाई थकीत. म्हणून मी लिहिलं, 'आपल्याकडील पुस्तक थकले आहे. कृपया परत करावे.'

घाटंजीबाहेर, नाल्यापलीकडच्या मुरमाड टेकाडावर एक तांडा होता. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता ते कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी पेरत. तांड्याचे नायक एका बाजारी आमच्या दारात उभे राहिले. पेटी टपावर चढत होती.

"याच्यात काय लादलं?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकं," बाबा म्हणाले.

"अन जाते कुठं?"

"गावोगाव. आमची त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे."

"मंग हे तर लदेणी झाली." मालाची ने-आण करण्याच्या त्यांच्या जुन्या धंद्याला ते लदेणी म्हणत. "जलमभर फिरलो आमी, अन तुमची पेटी आमालेच सोडून फिरते?"

बाबा हसले आणि त्यांनी तांड्याचं नाव फेरीत घातलं. तांड्यावर वाचणारी एकच होती, नायकांची सून. ती माहेरी चौथीपर्यंत शिकली होती. दिवेलागणीला ती मोठ्यानं वाची, आणि जिथे मराठी अवघड होई तिथे थांबून त्यांच्या गोर बोलीत सांगे. अख्खा तांडा ऐकायला बसे.

त्या हिवाळ्यात तांड्याकडे गेलेलं एक जाड पुस्तक परत आलं नाही. समुद्रात भरकटलेल्या गलबताची गोष्ट होती. मी कार्ड टाकलं, मग दुसरं, मग आणखी एक. पुस्तकाची पुढची पाळी राळेगावची. तिथल्या वाचनालयाचे प्रमुख एक गुरुजी होते, टापटिपीचे आणि जिभेचे तिखट. ते बाजाराच्या दिवशी मोटारीतून उतरले ते थेट छापखान्यात आले.

"तांड्यावर पुस्तक देणं म्हणजे विहिरीत टाकणं," ते म्हणाले. "मी सुरवातीलेच बोललो होतो. कायले पाह्यजे त्याइले पुस्तकं? आता नियम तुझाच हाये, पोरी. लाव."

माझं डोकं तडकलं. नियम माझा होता आणि तो बरोबर होता. पण तो या माणसाच्या हातात काठीसारखा दिसत होता. पुढच्या बाजाराला सभा होती. तोवर पुस्तक आलं नाही तर तांड्याची पेटी कायमची बंद. मी ठरवलं की आपणच जाऊन पुस्तक आणायचं. म्हणजे नियम राहील, तांडाही राहील आणि गुरुजींचं तोंड बंद होईल.

नायक अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते.

"या बाई. कारडंवाल्या तुमीच काय?"

"हो. पुस्तक न्यायला आले."

"ते तर थकलं."

"म्हणूनच न्यायला आले."

"थकल्याले नेता काहून?"

ते थट्टा करतात असं मला वाटलं. त्यांनी दाराकडे बोट केलं. आत कणगीवर घडी केलेली गोधडी होती, तिच्यावर पुस्तक आणि पुस्तकाखाली माझी कार्डं.

"सून बाळंतपनाले माहेरी गेलती," नायक सांगू लागले. "वाचाले कोनी राह्यलं नाही. तेवढ्यात तुमचं कारड आलं. पोस्टवाल्यानं वाचून देल्लं, पुस्तक थकलं म्हून. आमाले वाटलं, चला, घाटंजीले बी समजलं. मंग दुसरं आलं, थकलं. तिसरं आलं, थकलं. येवढी इचारपूस तर माह्या सासरवाडीनं बी कधी केली नाही."

"त्यात परत करावे असंही लिहिलंय."

"लिवलं ना. करू. उठलं का करू."

मग त्यांनी दोर बाजूला ठेवला. "लदेणीत थकल्या बैलावर गोन नाही लादत, बाई. जिथं बसला तिथं ठेवाचा, गावाले सांगाचं, अन वापसीत न्याचा. तवर त्या बैलाची लाज गावाले. तुमी सांगतलं थकलं, आमी बसवलं."

एवढा वेळ दाराशी बसून ऐकणारी त्यांची आई बोलली. तिची नजर गेली होती, त्यामुळे ती माझ्या जरा बाजूला बघत होती. "गलबत पान्याच्या मधात हाये. तिथूनच उचलून नेसान, तर त्यातल्या लोकाइनं जावं कुठं?"

मी तिला त्यांच्या बोलीत आई म्हणत म्हटलं, "याडी, पोस्टवाला वाचून दाखवेल."

"तो कारडं वाचते. त्याच्या आवाजात गलबत नाही चालत. माह्या सासऱ्याच्या बैलाइनं मीठ वाह्यलं, जलमभर. समुद्र कोनीच नाही पाह्यला."

"अन सुनेच्या माघारी पुढं जानं म्हंजे तिले सोडून जेवल्यासारखं," नायक म्हणाले.

मी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. सभेपर्यंत पुस्तक आलं नाही तर तांड्याचं नाव जाईल. पेटी पुन्हा येणार नाही. हे पुस्तक नाही आणि पुढचंही नाही.

"नियम कोनं केला?"

"मी."

"आमाले इचारलं?"

"तेव्हा तांडा संघात नव्हता."

"आता हाये. मंग आता इचारा."

एवढं बोलून ते आत गेले आणि पुस्तक दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. "नेता तर न्या. तुमचंच हाये. आमी आडवं येत नाही."

हात पुढे केला असता तर सगळं मिटलं असतं. म्हातारी पुस्तकाच्या दिशेनं तोंड करून बसली होती. मी हात पुढे केला नाही. "सभेला या," एवढंच म्हणाले आणि वेचणी झालेल्या पऱ्हाट्यांमधून रिकाम्या हातानं परत आले. रस्ताभर मला राग येत होता, आणि तो कुणाचा ते धड ठरवता येत नव्हतं. नायकांनी माझ्या शब्दाचा अर्थ खरंच तसा घेतला की मला माझ्याच शब्दात पकडलं, हे मी पुढेही कधी विचारलं नाही. आजही ते विचारावंसं वाटत नाही.

सभा आमच्या पुढच्या खोलीत झाली. यंत्राला लागून सतरंजी टाकली होती. नायक येऊन दाराशीच बसले. बाबा म्हणाले, "आत या, नायक. सभासदानं दारात बसायचं नसते." ते आत आले. गुरुजींनी सतरंजीवर सरकून जागा दिली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

गुरुजींनी नियम वाचला. पुस्तक आलेलं नाही, सबब तांड्याचं नाव कमी करावं. मी उभी राहिले. नियम चुकीचा आहे असं मी म्हटलं नाही, कारण तो चुकीचा नव्हता. दाबून ठेवलेल्या पुस्तकाला तो हवाच. पण दाबलेलं पुस्तक वेगळं आणि लदेणीतल्या थकल्या बैलासारखं बसलेलं वेगळं. वाचणारा आजारी आहे, बाळंतीण आहे, वेचणीला गेला आहे, आणि गावानं ते सांगितलं आहे, तर ते पुस्तक थकीत नाही, थकलेलं आहे. त्याला विसावा द्यावा. पुस्तक आहे तिथे राहील, गाव त्याची जबाबदारी घेईल आणि पेटी थांबणार नाही.

"अन राळेगावनं काय कराचं?" गुरुजी म्हणाले. "आमचे वाचक रोज इचारून राह्यले, गलबत आलं का, गलबत आलं का. त्याइले सांगू का, बैल बसला म्हून?"

गुरुजींच्या जिभेवर विष होतं, पण त्यांचे वाचक खरे होते.

नायक म्हणाले, "खरं सांगाचं, गुरुजी. बसला तर बसला. तुमाले कळवनं आमचं काम होतं, ते राह्यलं. तेवढी चूक आमची."

"आणि उठलाच नाही तर?"

"तर मेला म्हून सांगाले मीच येईन राळेगावले. लपवनार नाही."

कुणीतरी हसलं. गुरुजी हसले नाहीत. हात वर झाले तेव्हा ठराव थोड्या मतांच्या फरकानं पास झाला, एक अट घालून: विसावा मागणाऱ्या गावानं पुढच्या गावाला आधी कळवलं पाहिजे. गुरुजींनी आपला विरोध इतिवृत्तात लिहायला लावला आणि नीट लिहिला की नाही ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. तांड्याचं नाव राहिलं.

होळीच्या सुमारास सून तान्ही मुलगी घेऊन परत आली. वाचन पुन्हा सुरू झालं. एका संध्याकाळी मीही गेले होते. तिच्या मांडीवर मूल होतं, आणि ओळ संपली की ती मान वर करून सासूच्या सासूकडे बघायची. म्हातारीचं 'हूं' आलं की पुढची ओळ. गलबत किनाऱ्याला लागलं तेव्हा म्हातारीनं विचारलं, "तिथल्या पान्याचं मीठ कोन काढते?" ते पुस्तकात नव्हतं. यावर सगळ्यांनी बराच वेळ वाद घातला.

पुस्तक परत आलं ते कशिद्याच्या कापडाचं कव्हर घालून. लाल कापड, पिवळा टाका आणि बारीक आरसे. जिल्दवाले चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "यह किताब है के दुल्हन?" आणि आरशांचे ओरखडे पेटीतल्या इतर पुस्तकांवर उमटू नयेत म्हणून त्यांनी ते वेगळं वर्तमानपत्रात गुंडाळून राळेगावच्या मोटारीवर चढवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गावांमध्ये विसावा हाच शब्द चालला. बाजारात एखादी बाई ओरडून सांगायची, "माह्या पुस्तकाले विसावा लिवा हो." आता छापील फॉर्म आला आहे, त्यावर 'मुदतवाढ' असं आहे. तो फॉर्मही आमच्याच यंत्रावर छापला, आणि छापताना मी बाबांशी भांडले. मुदत वाढते ती कागदाची. त्या शब्दात कुणी बसलेलं दिसत नाही.

त्याच वर्षी गलबताच्या पुस्तकाची राळेगावहून पुढे जायची तारीख आली आणि गेली. पेटी पुढच्या गावाला पोचली, पण ते तिच्यात नव्हतं. तिसऱ्या दिवशी गुरुजींचं वळणदार अक्षरातलं कार्ड आलं. आरशांमुळे बोटाला खरचटते, अशी तक्रार आधी होती. खाली एक ओळ: 'आमच्या मातोश्री ऐकत आहेत. सबब सदर पुस्तक राळेगाव मुक्कामी विसाव्यास आहे. पुढील गावास कळविले आहे.'

बाबांनी ते कार्ड पुढच्या बाजारात नायकांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, शेवटची ओळ तर आणखी एकदा. मग खांद्यावरचा शेला झटकला.

"गुरुजीचा बी बसला म्हना," ते म्हणाले. "बसू द्या. घाई नोका करू."