आज तिथं नको

नागावात थाई बार्बेक्यू आणि हॉटपॉटची, म्हणजे टेबलावरच भाजून नि उकळून खायची, दोन हॉटेलं झालीत. आईच्या वाढदिवसाला कुठं जावं, हे मी दारात आलेल्या आमच्या मासेवालीला विचारलं. दोन्हीकडे कोलंबी तीच देते. बोलताना ती कधी गिऱ्हाइकाकडं बघत नाही, पाटीतले मासे उलटेपालटे करत राहते.

"देवळाजवळच्यात जा, दादा."

"आईला समुद्राजवळचं आवडेल."

तिचे हात थांबले. "आज तिथं नको. कालची कोलंबी मी सकाळी ताजी सांगून दिलीय."

ती पाटी उचलून उठली आणि पुढची घरं सोडून समुद्राकडं चालू लागली. तासाभरानं ती परत दारात आली. पाटीत ती सगळी कोलंबी होती.

"आता कुठं बी जा," ती म्हणाली.