डाग्नीला कुणी जपलं नाही

रोन्याने सकाळच्या कॉफीच्या वेळी सांगितलं की तिला दिवस गेलेत. आम्ही सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. डाग्नीनेही मारली. मग ती मागच्या खोलीत गेली आणि धुऊन ठेवलेल्या कात्र्या पुन्हा धुवायला लागली.

लिमफियोर्ड खाडीच्या काठच्या या जनावरांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते. मालक वेर्नर, त्याच्या हाताखालची तरुण डॉक्टर रोन्या आणि नर्स डाग्नी, एवढी आमची माणसं. डाग्नी वेर्नरच्या वडिलांच्या काळापासूनची. चवताळलेला बोका टॉवेलात गुंडाळावा तर तिनेच.

त्याच दिवशी वेर्नरने फर्मान काढलं. "आजपासून रोन्या एक्स-रेच्या खोलीत जाणार नाही. भुलीच्या गॅसजवळ थांबणार नाही. गाय माजावर आणायच्या इंजेक्शनला तिने हात लावायचा नाही, ते कातडीतून आत जातं आणि गर्भ पडू शकतो. आणि व्यायला आलेल्या मेंढ्यांच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही, त्यांच्यातल्या रोगानेही पोट पडतं."

"मग ही कामं करणार कोण?" डाग्नीने विचारलं.

"तू आहेस की."

"हो, मी आहेच. माझ्या पोटाला आता कसली भीती!"

वेर्नरने मान खाली घातली. त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

डाग्नी इथे लागली तेव्हा पंचविशीतही नव्हती. एक्स-रे काढताना कुत्रा ती धरायची. शिशाचा अंगरखा एकच होता, आणि तो मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे वेर्नरच्या वडिलांच्या अंगावर असायचा. हिवाळ्यात खिडक्या बंद, भुलीचा गॅस खोलीतच साचायचा. संध्याकाळी डोकं धरून ती सायकलवर बसायची. त्या वर्षांत तीनदा तिला दिवस गेले आणि तीनदा पोट पडलं. तिसऱ्या खेपेला तर पाचवा महिना होता. तिच्या नवऱ्याने, क्रेस्तेनने, पाळणाही रंगवून ठेवला होता. तो पाळणा पुढे त्याच्या बहिणीकडे गेला. तिचे डॉक्टर म्हणाले, होतं असं बायकांना. कदाचित तसंच असेल. कामामुळे झालं, असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? पण कामामुळे नाही झालं, हेही कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तेच तिला आतून खात होतं.

आता रोन्याला उंच स्टूल आलं. जड कुत्रा टेबलावर घ्यायचा तर वेर्नर स्वतः धावायचा. शस्त्रक्रियेच्या खोलीतला गॅस बाहेर ओढून नेणारी नळी जुनी झाली होती, तीही बदलली. मिस्त्री आला, त्याने भिंतीला भोक पाडलं, नळी बसवली आणि जेवायच्या सुट्टीच्या आत निघूनही गेला.

"अर्धा दिवस," डाग्नी मला म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम होतं गं हे!"

त्यानंतर तिची जीभ कात्रीसारखी चालायला लागली. "राणीसरकारांना उशी द्या." "हळू बोला रे, बाळराजे झोपलेत." रोन्या पहिल्यांदा हसली, मग हसेनाशी झाली. ती पोटावर सहज हात ठेवायची तेव्हा डाग्नी तोंड फिरवायची. एकदा मी म्हटलं, "अगं, त्या पोरीचा काय दोष?" तर म्हणाली, "दोष कुठे काढतेय मी? मला जळफळाट होतोय. दोन्हीतला फरक कळतो मला."

मार्चमध्ये मेंढ्यांचा हंगाम सुरू झाला. वेर्नर लांब एका गोठ्यावर गेलेला असताना आयविन नावाचा म्हातारा शेतकरी गाडीमागे ट्रेलर लावून अंगणात आला. आत मेंढी कळा देत होती.

"कोकरू अडकलंय, डॉक्टरीणबाई! मरेल हो ही!"

"वेर्नरला यायला वेळ आहे," रोन्या म्हणाली. "आयविन, मला खरं म्हणजे मनाई आहे."

"नुसता हात घालून पाय सरळ करायचाय. तेवढ्यात काय बिघडतंय?"

मेंढी ओरडली. रोन्याने हातमोजे चढवले आणि ती बाहेर गेली.

डाग्नी माझ्या शेजारी खिडकीत कॉफी घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती हलली नाही. रोन्या ट्रेलरमध्ये ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली, तरी हलली नाही. मग एकदम कप आपटून ती धावली.

"ऊठ! हात लावू नकोस! त्याच्या चार मेंढ्या याच आठवड्यात गाभडल्यात. सकाळी फोनवर मला सांगितलंय त्याने!"

रोन्या पांढरीफटक पडली. डाग्नीने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, मोजे घातले आणि कोकरू स्वतः काढलं. मेलेलं होतं. मेंढी वाचली. मग आयविनला तिने असं झापलं की त्याने टोपी काढून हातात घेतली.

रोन्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. कपडे बदलून ती आली तेव्हा डाग्नी हात घासत होती. वळून न बघताच म्हणाली, "मला सकाळपासून माहीत होतं. तू मोजे घातलेस तेव्हाच सांगायला हवं होतं. मी खिडकीत उभी राहिले."

"का?"

"वाटलं, हिलाही कळू दे."

"माझ्या बाळाला काही झालं असतं तर?"

"म्हणून तर धावले. पण उशिरा धावले, हे खरंय."

कोकराच्या तपासणीत तोच रोग निघाला, जो मेंढीकडून बाईला लागला तर तिचाही गर्भ पाडतो. रोन्याचं रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा काही निघालं नाही. त्यानंतर तिने रजाच घेतली. जाताना माझा निरोप घेतला, डाग्नीचा नाही.

डाग्नीने वेर्नरला स्वतःहून सगळं सांगितलं. तो चिडला, पण तिला काढलं नाही. त्या वसंतात ती कामामुळे होणाऱ्या आजारांच्या डॉक्टरणीकडे जाऊन आली. डॉक्टरीण काय म्हणाली, मी विचारलं.

"म्हणाली, इतक्या वर्षांनी आता काहीच सांगता येणार नाही. पण तुला तिथे तसं उभं करायला नको होतं." मग म्हणाली, "एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणी बोललं असतं ना..."

उन्हाळ्यात शिकाऊ नर्स आली. पहिल्याच सकाळी डाग्नीने तिला शिशाचा अंगरखा चढवला. मुलगी लाजून म्हणाली, "पण मी काही पोटुशी नाहीये."

"ते मला सांगायचं नाही. कळायच्या आधीचेच आठवडे सगळ्यात नाजूक असतात. इथे सगळ्यांनी घालायचा, नेहमी."

शरद ऋतूत रोन्या आपली तान्ही मुलगी दाखवायला आली. वेर्नरने बाळाला घेतलं, मी घेतलं. डाग्नीसमोर रोन्या थांबली, पण बाळ पुढे केलं नाही. डाग्नीनेही हात खिशातच ठेवले.

"हनुवटी तुझी आहे," ती म्हणाली.

"हो. सगळे तेच म्हणतात."

रोन्या गेल्यावर डाग्नी दाराकडे बघत राहिली. "गोड आहे गं पोर," म्हणाली. "आणि मला अजूनही तिच्या आईचा हेवा वाटतो."

आतून वेर्नरने हाक मारली, आणि ती मांजराला धरायला गेली.